बातम्यावालीचा पिच्चर

आमच्या सासरी, आष्टीला, एक रिवाज अजून चालू आहे. धाकट्या सुनेनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, समोरासमोर बोलायचं नाही. मी वर्ध्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते, पिपरी मेघेला राहते, आणि वेळ आली तर प्राचार्यांशीही भांडते. पण आष्टीच्या घरात पाऊल टाकलं की माझा आवाज जाऊबाईंच्या तोंडून निघतो. "त्यांना म्हणा, चहा झाला." "तिले म्हना, येतो." तिघंही एकाच खोलीत! माझ्यासारख्या तापट बाईनं हे इतकी वर्षं कसं सोसलं, देव जाणे. बरं, भासरे वाईट माणूस नाहीत, हेच तर दुखणं. वाईट असते तर केव्हाच भांडून मोकळी झाले असते.

मला सिनेमाचं वेड. वर्ध्यात आम्ही काही हौशी मंडळी महिन्यातून एकदा देशोदेशीचे सिनेमे दाखवतो. तेच आष्टीत करावं असं फार दिवस मनात होतं. समाजभवनाची किल्ली भासऱ्यांकडे. मी जाऊबाईंना सांगितलं, जाऊबाईंनी त्यांना. ते खो खो हसले.

"तिले म्हना, इथं परदेशी पिच्चर कोन पाह्यते? एक डाव देतो हॉल. मधात इंटरवलले आलुबोंडे ठेवतो. खाऊन अर्धे लोक जरी वापस येऊन बसले, तं दर महिन्याले हॉल तिचा. नाई आले, तं पुन्हा नाव काढाचं नाई."

"त्यांना म्हणा, मंजूर," मी म्हणाले. आणि मनात म्हटलं, येऊ द्या तुमचे आलुबोंडे.

सिनेमा मी मुद्दाम निवडला होता. दूरचा एक देश, लष्करानं राज्य बळकावलेलं. रेडिओवर रोज संध्याकाळी बातम्या वाचणारी एक बाई. जनरल लिहून देतील तेच तिनं वाचायचं. पण ही बहाद्दर बाई हवामानाच्या अंदाजात निरोप पेरते. दक्षिणेला पाऊस म्हटलं की दक्षिणेकडच्या वस्तीवर शिपाई निघाले, पळा. पडद्यावर भाषा त्यांची, खाली इंग्रजी अक्षरं. तेव्हा पडद्याच्या बाजूला माइक घेऊन मी बसायचं आणि मराठीत सांगत जायचं, असं ठरवलं. चांगल्या शुद्ध भाषेत, घोटून घोटून तयारी केली.

आणि तिथंच शेण खाल्लं! हॉल भरला, खिडक्यांना सतरंज्या बांधून अंधार केला, सिनेमा सुरू झाला, आणि मी गंभीर आवाजात सुरू केलं, "लष्करी राजवटीच्या दमनचक्राखाली पिचलेली जनता..." थोड्या वेळात लोक खोकायला लागले. मोबाइल उजळले. एक जण उठला, "सांज झाली, म्हशी दोहाच्या हायेत." मागं लाइटच्या बटनापाशी भासरे हाताची घडी घालून उभे होते. अंधारातही मला त्यांचं हसू दिसत होतं.

तेवढ्यात पडद्यावर हवामानाचा अंदाज आला. मी वाचलं, "दक्षिणेकडे मुसळधार पर्जन्यवृष्टीची शक्यता." शेतकऱ्यांचं गाव ते. लगेच एका काकांनी विचारलं, "अन् आपल्या इकडं?" दुसरे म्हणाले, "कापूस ओला कराले येते का काय आता?" सगळा हॉल हसला आणि पावसावरच चर्चा सुरू झाली.

माझं डोकं सटकलं. हातातले कागद खाली आपटले आणि माइकमधेच ओरडले, "अवं थांबा ना बाप्पा! थो पाऊस नाई हाय! थे बाई मिलिटरीच्या नाकावर टिच्चून सांगून राह्यली, का शिपाई येऊन राह्यले, पोरंबाळं घ्या अन् पळा!"

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. मग पुढच्या रांगेतून एक मावशी म्हणाल्या, "हूं!"

ज्यांनी लहानपणी गोष्टी ऐकल्या त्यांना हा हूं ठाऊक असेल. सांगणाऱ्यानं सांगायचं, ऐकणाऱ्यानं हूं द्यायचा. हूं थांबला की गोष्ट थांबते, कारण ऐकणारा झोपलेला असतो. मी खुर्ची पुढं ओढली आणि घरच्या बोलीत सांगत सुटले. "मंग रेडिओवर नजर ठेवनाऱ्या कर्नलले शक आला." हूं! "त्यानं बाईच्या घरावर मानूस ठेवला." हूं! आता एकट्या मावशी नव्हत्या, अख्खा हॉल हूं देत होता. दारावर शिपायाची लाथ बसणं म्हणजे काय, हे आष्टीला समजवावं लागत नाही. "आपल्या इथं बेचाळीसच्या चळवळीतबी असंच, बुढे सांगत," कुणीतरी म्हणालं, आणि दुसऱ्यांनी त्याला गप्प केलं.

इकडे कर्नल स्टुडिओत येऊन काचेपलीकडे बसला. बाईच्या हातात निरोपाचा कागद. ती तोंड उघडणार, तेवढ्यात फटकन सगळे दिवे लागले. सिनेमा थांबला. दारात आलुबोंड्यांची गरम पातेली आणि बाजूला विजयी मुद्रेनं भासरे.

"लाइट बंद करा!" सगळा हॉल ओरडला. मावशी तर उभ्याच राहिल्या, "काऊन हो, तिच्या जिवावर आलं अन् तुमाले आलुबोंडे सुचून राह्यले?"

भासऱ्यांनी गडबडून दिवे घालवले. अर्धे काय, एकही माणूस आलुबोंड्यांकडे गेला नव्हता! हॉल माझा झाला. त्या क्षणी मला माइकवर शिट्टी वाजवावीशी वाटत होती.

पण खरी गंमत पुढं झाली. शेवटी कर्नल बाईपुढं एक बातमी ठेवतो: तुझ्या भावाला गद्दार म्हणून गोळी घातली, आता हे तूच देशाला वाचून दाखव. माइक सुरू होतो. बाई कागदाकडे पाहते आणि वाचतच नाही. रेडिओवर नुसती शांतता. घराघरात, चहाच्या दुकानात, बराकीत लोक हातातलं काम सोडून रेडिओकडे बघायला लागतात. ती बोलत नाही, तर मी काय सांगणार? मीही गप्प बसले. शब्दच नाही, तर हूंही नाही.

आणि मागून, लाइटच्या बटनाजवळून, आवाज आला.

"हूं."

मी मान वर केली. भासरे होते. हाताची घडी सुटलेली.

"मंग?" ते म्हणाले. "सांगा ना. पुढं काय झालं?"

जाऊबाई दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी सवयीनं माझ्याकडे वळून तोंड उघडलं, आणि मग हसून मिटून घेतलं. माझे डोळे भरून आले होते, पण आवाज असा खणखणीत निघाला की भिंती घुमल्या.

"मंग काय, भाऊजी!" मी म्हणाले. "सारा देश रस्त्यावर आला ना!"