समथरला मिळालेला मान

माझी एक फजिती सांगतो. पण ऐकताना लगेच हसू नका, कारण तिच्यात एक मरण आहे, आणि ते मरण खरं होतं. खोटा होतो तो मी.

आमच्या ऑफिसात मराठी माणसं दोनच. एक मी, बर्वे. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं, घर दतिया गेटजवळ. दुसरा बापट, साताऱ्याहून बदली होऊन आलेला. दोघांनाही चष्मा, दोघांनाही टक्कल. इथल्या लोकांना आमच्यातला फरक कळत नाही. मला ‘बापटजी’ म्हणून हाका मारतात आणि मी ओ देतो. कोण कितीदा दुरुस्त करणार?

जूनमधल्या एका रविवारी सकाळी फोन आला. आमच्या सेक्शनमधल्या तिवारीचे वडील गेले. गाव समथर. ऑफिसची जीप अकराला निघणार होती. बायको म्हणाली, “अहो, जायला हवं तुम्ही.” मी हो म्हणालो, कूलरसमोर जरा टेकलो, आणि खिडकीतून बाहेरचं ऊन पाहिलं. झाशीचं जूनमधलं ऊन तुम्ही पाहिलंय का? नसेल, तर मला लगेच नावं ठेवू नका. मी बापटला फोन करून सांगितलं की पोट बिघडलंय. तो बिचारा म्हणाला, “तू पड, मी जातो.” मी पडलो. चारपर्यंत पडलो होतो.

तीन-चार दिवसांनी तिवारीचा गावाहून फोन आला. आवाज पार बसलेला. म्हणाला, “बर्वेजी, आपने पिताजी को कंधा दिया, मुझे सँभाला. ज़िंदगी भर नहीं भूलूँगा.”

माझ्या लक्षात आलं. गर्दीत, रडून सुजलेल्या डोळ्यांनी त्याने एक टक्कल आणि एक चष्मा पाहिला होता, आणि नाव भलतंच लावलं होतं. मी म्हणालो, “अरे नहीं, नहीं.” हिंदीत याचा अर्थ नकारही होतो आणि विनयही. त्याने विनय घेतला. मला वाटलं, दुःखात असलेल्या माणसाला कशाला दुरुस्त करायचं? त्यातून पुढे बोलायचा कंटाळा. मी फोन ठेवला.

मग तेरहवीचं, म्हणजे तेराव्याचं, बोलावणं आलं. तिवारीच्या आईने, अम्मांनी, मुद्दाम मलाच बोलावलं होतं. आता नाही कसं म्हणणार? बापटची ड्यूटी होती, म्हणून मी एकटाच बसने समथरला गेलो.

दारातच कुणीतरी ओरडलं, “आ गए बर्वेजी!” तिवारीच्या काकांनी मला हाताला धरून पंगतीत वरच्या जागी बसवलं. शेजारच्याला सांगितलं की घाटापर्यंत सबंध वाट यांनी खांदा बदलला नाही. तो पुढच्याला म्हणाला की एवढ्या उन्हात अनवाणी चालले. माझ्या पानात पुऱ्या पडत होत्या. समोर तिवारी, डोक्याचं मुंडण केलेला, निमूटपणे भाजी वाढत होता.

जेवण झाल्यावर अम्मांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. अंगाने लहानशा, पांढरं लुगडं नेसलेल्या. मग माझा हात धरून हळूच विचारलं, “हमाओ लला उते रोओ तो कै नईं? इते तो एक आँसू नईं गिराओ.”

पोरगा घाटावर तरी रडला की नाही, एवढंच त्यांना हवं होतं. घरात त्याने टिपूस काढलं नव्हतं, आणि आईला त्याचंच भय बसलं होतं. बायका घाटावर जात नाहीत. ती विचारणार कुणाला? खांदा देणाऱ्यालाच.

मी काय सांगणार होतो? रडला म्हणालो असतो, तर त्या निजल्या असत्या शांत. जिभेवर आलंही होतं. पण तो हात इतका हलका होता की मला ते बोलवेना. मी म्हणालो, “अम्मा, मैं आया ही नहीं था. घर में कूलर के सामने लेटा था. जो आए थे, वो दूसरे हैं. बापट.”

मी बापटला फोन लावला, चार शब्दांत सगळं सांगितलं, आणि फोन त्यांच्या कानाला धरला. बापटचं हिंदी सगळ्या ऑफिसात प्रसिद्ध आहे. मलाही बाजूला ऐकू येत होतं. “अम्माजी, तिवारीजी बहुत रोया. मेरे गले में पड़के रोया. फिर मैंने पाणी पिलाया, तो और रोया.”

अम्मांच्या डोळ्यांना धार लागली. पदराने चेहरा पुसला, मोठा श्वास सोडला, आणि पंधरवड्याचं ओझं उतरल्यासारखे त्यांचे खांदे सैल झाले. मलाही हलकं वाटलं. सुटलो, म्हटलं. खरं बोललो, आणि ज्याचं त्याला पोचलं.

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. म्हणाल्या, “भले आदमी हैं. तुमने इनखों सब बता दओ हुइए.” म्हणजे मीच बापटला सगळं सांगून ठेवलं असणार. मग दाराशी उभ्या असलेल्या सुनेकडे वळून म्हणाल्या, “देखो, कितनो बड़ो मन है. करके भी अपने मोंह से नईं कहत.”

म्हणजे माझा कबुलीजबाबही विनयच ठरला. मी तोंड उघडलं. सुनेने वाकून माझ्या पायांना हात लावला. मी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहाच्या वेळी बापटने विचारलं, “काय रे, म्हातारी काय म्हणाली शेवटी?”

मी म्हणालो, “तुला भला माणूस म्हणाल्या.”

एवढं तर खरंच होतं. पुढचं सांगायचा कंटाळा आला.