तारवाल्या बाई

आमच्या बाई माणसाकडे बघायच्या त्या थेट हनुवटीकडे. डोळे, कपडे, कपाळावरची टिकली हे सगळं नंतर. भाजीवाल्याशी घासाघीस करतानाही त्यांची नजर त्याच्या जबड्यावर असायची. पिशवी माझ्या हातात देता देता त्या हळूच म्हणायच्या, "क्लास टू. बिचाऱ्याचे ओठ मिटत नाहीत, म्हणून हसतोय असं वाटतं. भाव काही कमी करायचा नाही तो." आणि तो खरंच करायचा नाही.

त्या दातांच्या डॉक्टर, पण दाढा उपटणाऱ्या किंवा चांदी भरणाऱ्या नव्हेत. वेडेवाकडे दात आणि न जुळणारे जबडे जागेवर आणणाऱ्या. ऑर्थोडॉन्टिस्ट हा शब्द डोंबिवलीत आमच्या गल्लीत कुणाच्या जिभेला वळला नाही. पोरं दातांना तार लावून घ्यायला यायची, म्हणून त्या झाल्या तारवाल्या बाई. दवाखाना फरसाणाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. बारावीनंतर मी तिथे असिस्टंट म्हणून लागले तेव्हा मला दातांमधलं काहीही कळत नव्हतं, आणि सगळं कळतं अशी माझी ठाम समजूत होती.

पहिल्याच आठवड्यात बाईंनी माझ्यासमोर प्लास्टरच्या जबड्यांच्या दहा जोड्या मांडल्या आणि म्हणाल्या, "लाव बघू." मी पुढचे दात बघून ढीग केले. फार वाकडे, थोडे वाकडे, बरे. बाईंनी सगळे ढीग मोडले. "अगं, पुढचे दात म्हणजे पाहुण्यांसाठी काढलेल्या कपबश्या. आधी दाढ बघ. मधून मोजत मागे जा, सहावी." मग त्यांनी माझं बोट धरून त्या प्लास्टरवरून फिरवलं. वरच्या दाढेचा पुढचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसला तर क्लास वन. पुढे दातांची कितीही गर्दी असो, जबडे आपल्या जागी आहेत. खालची दाढ मागे राहिली तर क्लास टू, तीच पुढे सरकली तर क्लास थ्री. शिवाय वरचे दात खालच्या दातांवर डब्याच्या झाकणासारखे चहूबाजूंनी बाहेरून बसायला हवेत. झाकण एखाद्या बाजूने आत गेलं की तो क्रॉसबाईट. "दात सुंदर आहेत का ते आरसा सांगतो," बाई म्हणायच्या. "ते बसतात कुठे, ते आपण बघायचं."

हे आकडे त्या पेशंटसमोर कधी उच्चारत नसत. पूर्वी एका मुलीने 'क्लास थ्री' ऐकलं आणि घरी जाऊन दोन दिवस जेवली नाही म्हणे. तेव्हापासून बाई पाठीमागे हात नेऊन मला बोटं दाखवायच्या आणि मी कार्डावर लिहायचे. पुढे ही सवय दवाखान्याबाहेरही गेली. लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत बाईंची दोन बोटं पदराआडून वर यायची आणि मला हसू आवरायचं नाही. मला बघायला मुलगा आला, तेव्हा घरच्यांनी कौतुकाने बाईंनाही बोलावलं होतं. पोह्यांची बशी हातात घेऊन त्यांनी त्याला नीट न्याहाळलं. जिन्यात मी विचारलं, "कसा आहे?" तर म्हणाल्या, "क्लास वन. खाली थोडी गर्दी आहे, पण चालेल." तो गेली कित्येक वर्षं चालतोच आहे. त्याला मी हे अजून सांगितलेलं नाही.

आता त्या मेणाच्या पट्टीबद्दल सांगायला हवं. दातांची मापं घेऊन प्लास्टरचे जबडे तयार होतात, पण वरचा आणि खालचा एकमेकांवर कसा बसतो हे प्लास्टरला कसं कळणार? त्यासाठी मऊ केलेली मेणाची पट्टी पेशंटला चावायला द्यायची. आम्ही त्याला 'बाईट घेणं' म्हणायचो. दिसायला पोरखेळ, पण इथेच लोक फसवतात. चाव म्हटलं की माणूस नाटक करतो. खालचा जबडा मागे असलेली मुलं आरशासमोर तो पुढे ढकलायची सवय करून घेतात, आणि मग डॉक्टरसमोरही तोच ठेवणीतला चावा काढतात. म्हणून बाईंचा नियम होता: आधी डब्यात काय आणलंस ते विचारायचं, मग थुंकी गिळायला सांगायची, गिळताना दाढा आपसूक टेकतात, तेव्हाच मेण चावून घ्यायचं. आणि हे तीनदा.

मी सहा महिन्यांत पटाईत झाले. निदान बाईंना तसं वाटलं, कारण त्यांनी बाईट घेणं माझ्यावर सोपवलं. दवाखान्यात दोन मुली होतो आम्ही. दुसरीला फक्त ट्रे धुवायला मिळायचे. मी तरंगत होते.

त्याच दिवसांत टिटवाळ्याहून अक्षता आली. चौदा वर्षांची, अबोल, शाळेत दातांवरून चिडवलेली. आई मानपाड्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती, अर्धी रजा टाकून लेकीला घेऊन यायची. पहिल्या दिवशी बाईंना काहीतरी शंका आली. कार्डावर त्यांनी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं आणि म्हणाल्या, "बाईट आला की ठरवू." नेमका बाईटच्या दिवशी एका मुलाची तार तुटून गालात घुसली होती, बाई त्याच्यात गुंतल्या होत्या आणि बाहेर बाक भरलेला. अक्षताने मेण चावलं, झकास बसलं. मी डब्याचं विचारलं नाही, थुंकी गिळायला सांगितली नाही. एकदाच घेतलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

माझ्या मेणाप्रमाणे जबडे जुळवले, तर चक्क क्लास वन. एक्स-रेवालीकडेही पोरीने तोच चावा दिला होता. बाईंनी प्रश्नचिन्ह खोडलं. गर्दीसाठी जागा करायची म्हणून चार दात काढायचे ठरलं, आणि कल्याणच्या एका दाताच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिली गेली.

शनिवारी दुपारी मायलेकी चिठ्ठी न्यायला आल्या; आईला रविवारी सुट्टी, म्हणून दात दुसऱ्याच दिवशी सकाळी काढायचे होते. आई कागदांवर सह्या करत होती आणि अक्षता बाकावर भिंतीला डोकं टेकून पेंगली होती. मी चिठ्ठी घेऊन बाहेर आले आणि तिच्याकडे बघितलं. झोपेत तिचा जबडा सैल पडून मागे गेला होता. चांगला बोटभर मागे. क्लास टू, आणि तोही ठळक. या मुलीचे दात काढायचेच नव्हते. वाढीचं वय होतं, प्लेट लावून खालचा जबडा पुढे आणायचा होता. हे सगळं मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि मी काय केलं? तिला हलवून उठवलं आणि चिठ्ठी तिच्या हातात दिली. बाईट घेण्याचं काम परत काढून घेतील, या एका भीतीने माझं तोंड शिवलं होतं. आजही हे लिहिताना लाज वाटते.

रविवारी सकाळी साडेआठला मी बाईंच्या दारात उभी होते. त्या कणीक मळत होत्या. मी रडत रडत सगळं सांगितलं. बाईंनी एकच विचारलं, "गिळायला सांगितलं होतंस?"

"नाही."

"बरं." त्यांनी हात धुतले. अक्षताच्या आईचा फोन लागेना, कल्याणच्या डॉक्टरांकडे कुणी उचलेना. आम्ही रिक्षा केली. पत्रीपुलाशी नेहमीसारखं सगळं अडकलेलं. बाई कणीक लागलेली नखं साफ करत होत्या; त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आम्ही पोचलो तेव्हा एक दात निघाला होता. वरचा, डावीकडचा. अक्षता गालात कापूस धरून बसली होती आणि डॉक्टर दुसऱ्या बाजूच्या इंजेक्शनची तयारी करत होते. बाईंनी त्यांना थांबवलं. मग त्या अक्षताच्या आईसमोर गेल्या आणि उभ्यानेच म्हणाल्या, "ताई, माझी चूक झाली. हिचे दात काढायला नको होते. मी नीट बघितलं नाही."

आईने लेकीच्या गालाकडे बघितलं. "मॅडम, गेला तो गेला," ती म्हणाली. "बाकीचे तरी राहतील ना?"

"राहतील."

"मग चला, सांगा पुढे काय करायचं ते."

मी दाराशी उभी होते. ती चूक माझी आहे असं म्हणायला माझे ओठ हलले, पण बाईंनी मागे हात नेऊन तळवा उघडला. थांब.

अक्षताचे उपचार तीन वर्षं चालले. तिचा जबडा पुढे आला, ती हसायला लागली, आणि बारावीच्या निरोप समारंभाचा फोटो तिने आम्हाला आणून दाखवला. तिच्या वरच्या दातांची मधली रेघ नाकाखाली बरोबर मध्ये येत नाही, किंचित डावीकडे आहे. हे जगात कुणाला कळत नाही. बाईंना कळायचं, मला कळतं.

बाईंनी तिच्या जबड्यांच्या दोन्ही जोड्या, चुकीची आणि खरी, शेजारी शेजारी ठेवल्या. दवाखान्यात शिकायला कुणी नवं आलं की त्या काढून सांगायच्या, "ही माझी चूक." माझं नाव कधी आलं नाही. मी बाजूला ट्रे धरून उभी, कान तापलेले. एकदा न राहवून म्हणाले, "बाई, ती माझी होती. सांगा ना." तर चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "चिठ्ठीवर सही कुणाची आहे?"

पण त्यानंतर त्यांनी मला कधी बाईट घेऊ दिला नाही. सोमवारी मेण त्यांनी स्वतः मऊ केलं, आणि पुढची अकरा वर्षं स्वतःच करत राहिल्या. दवाखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या. त्या गावाला गेल्या की घरच्या तुळशीला पाणी मी घालायचे. माझ्या बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनी वळून पाठवले. माया कुठे कमी नव्हती. फक्त ती मेणाची पट्टी. मी मागितली नाही, आणि मला आयुष्यात तेवढंच हवं होतं.

पुढे हात थरथरायला लागले म्हणून बाईंनी दवाखाना बंद केला आणि त्या ठाण्याला मुलाकडे राहायला गेल्या. मी कल्याणला दुसरीकडे लागले. तिथे रोज बाईट मीच घेते, डॉक्टर डोळे मिटून विश्वास ठेवतात. त्याचं मला कधी काही वाटलं नाही.

गेल्या वर्षी बाईंच्या सुनेचा फोन आला. मधुमेहाने बाईंच्या हिरड्या खाल्ल्या, दात एकेक करून गेले. कवळी दोनदा केली, दोन्हीदा बसली नाही. पेज आणि खिमट यावर दिवस काढतायत, आणि चिडचिड करतायत. "आता म्हणतात, वैशालीला बोलवा."

मी ठाण्याच्या त्या दवाखान्यात गेले तेव्हा बाई खुर्चीत बसल्या होत्या, लहानशा, गाल आत गेलेले. दात गेलेली म्हातारी माणसं जबडा नकळत पुढे काढतात. बाईंचाही तसाच निघाला होता, आणि तिथल्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही वेळा तोच खरा मानला होता. ते आता मेण घेऊन पुढे झाले. बाईंनी त्यांचा हात बाजूला सारला.

"बाईट ही घेईल," त्या म्हणाल्या.

मी हात धुतले. मेण मऊ केलं, तोंडात बसवलं आणि त्यांची हनुवटी माझ्या तळहातावर घेतली. इतक्या वर्षांत मी त्यांच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि काही केल्या थांबेनात. बाईंनी डोळे मिटले. मी घाई केली नाही. हळूहळू तो जबडा सैल झाला, मागे आला आणि आपल्या जागी टेकला. मी तीनदा घेतलं. तिन्ही सारखे आले.

बाईंना जाऊन आता दोन महिने होतील. ती कवळी नीट बसली, असं सुनेने सांगितलं. शेवटचे चार महिने त्या रोज भाकरी खात होत्या.