गाठी मारल्यास का?

टेबलावर उजवा तळहात सपाट ठेवायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं, वाच."

आमच्या चंदीगडच्या सेक्टर चौतीसमधल्या ऑफिसात हे दिवसातून निदान चारदा व्हायचं. समोरच्याने मग स्क्रीनवरचे आकडे ओळीने वाचायचे. इमारतीचा पाया कुठल्या बिंदूला किती मिलिमीटर खचणार, त्याचे ते आकडे. हे गृहस्थ मिटल्या डोळ्यांनी ऐकत राहणार आणि मधेच एखाद्या आकड्याला करंगळी उचलणार. करंगळी उचलली गेली की तिथे चूक सापडलीच म्हणून समजा. नवीन माणसं हळूच विचारायची, "ये बाबाजी ध्यान लगा रहे हैं क्या?"

लष्कराच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, मूळचे कराडकडचे, घर मनीमाजऱ्यात. ऑफिसात सगळे त्यांना 'मराठा साब' म्हणत. आडनाव भलतंच होतं, पण चंदीगडात त्याची चौकशी कोण करतो! मी बार्शीची, तर तिसऱ्याच दिवशी माझी 'छोटी मराठा' झाली. मी त्यांना काका म्हणायचे. "ऑफिसात कसला काका?" असं त्यांनी एकदा डाफरून पाहिलं, मग नाद सोडला.

आमचं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मोठ्या इमारतीखाली सगळीकडे मिळून काँक्रीटची एकच जाड लादी घालतात. तिला राफ्ट म्हणतात. तिची जाडी सगळीकडे सारखी नसते. लिफ्टच्या भिंतींचं ओझं येतं तिथे ती दुप्पट जाड, वरून सपाट आणि खालून पोट सुटलेली. संगणकात ही लादी उभी करायची तर तिचे हजारो छोटे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोन कोपऱ्यांत शेजारच्याशी जोडायचा. त्या कोपऱ्याला आम्ही सगळे नोड म्हणतो. काका गाठ म्हणायचे.

"गाठी मारल्यास का?" सकाळी आल्या आल्या हा प्रश्न. डबा उघडताना हा प्रश्न. आईने व्हॉट्सॲपवर एक स्थळ पाठवलं म्हणून मी चिडले होते, तर त्यांच्यापुढे धरलेल्या फोटोकडे न बघताच म्हणाले, "जाड-बारीक चालतं गं. गाठ नीट बसली पाहिजे." मी हसून हसून बेजार.

त्यांच्या घरी जेवायला गेले होते एकदा. काकूंनी खास माझ्यासाठी भाकरी केली होती, मधे जाड आणि कडेला पातळ. काकांनी ती दोन्ही हातांत धरून हळूहळू ताणली.

"कुठे फाटली?"

"कडेला."

"नीट बघ. जाड संपून पातळ सुरू होते तिथे. राफ्टचं भांडणही तिथंच असतं. ते सांधायला लागतं, पोरी."

काकू म्हणाल्या, "आता जेवू द्या तिला!" चार वर्षं कॉलेजात आणि दोन वर्षं नोकरीत मी हेच शिकले होते, पण डोक्यात शिरलं ते त्या ताटावर.

शिरलं म्हणते खरी. पण मग मोहालीच्या दहा मजली इमारतीचं काम आलं.

मॉडेल माझं होतं. लिफ्टखालचा जाड भाग मी वेगळ्या फाइलमध्ये केला आणि मग उचलून पातळ लादीच्या मधोमध आणून बसवला. कडेला कड अशी तंतोतंत बसली. संगणक चालवला, एकही चूक दाखवली नाही. वर रंगीत चित्रं काय सुंदर आली! मी स्वतःवरच खूश. काका त्या दिवशी सकाळभर डोळ्यांच्या दवाखान्यात होते, दुपारी आले तेव्हा नकाशे न्यायला साइटचा माणूस दारात उभा होता. आकडे वाचायला वेळच नव्हता.

"गाठी मारल्यास का?"

"हो हो काका, मारल्या." बघितलं न बघितलं, मी ठोकून दिलं.

'तपासणारा' या चौकटीत त्यांनी सही केली आणि नकाशे गेले.

नंतर एका शुक्रवारी दुपारी ते माझ्या टेबलाशी येऊन बसले. मोहालीत सळया बांधून झाल्या होत्या, सोमवारी काँक्रीट पडणार होतं. "त्या दिवशी राहिलं ते. काँक्रीट टाकायच्या आधी एकदा वाच." मला वैताग आला. झालेलं काम परत कशाला उकरायचं? पण तळहात टेबलावर टेकला होता आणि डोळे मिटले होते. मी भराभर वाचत सुटले. "नऊ, नऊ, दहा, अकरा, अठरा, एकोणीस..."

करंगळी उचलली गेली.

"अकरानंतर किती अंतरावर अठरा?"

मी बघितलं. "अंतर... नाहीये काका. तिथलाच आहे."

"तिथलाच म्हणजे अकराच्याच जागचा?"

"हो."

"एकाच जागी जमीन दोनदा कशी खचेल, पोरी?"

जाड आणि पातळ मी नुसते शेजारी शेजारी ठेवले होते, जोडलेच नव्हते. एका कोपऱ्याच्या जागी दोन कोपरे होते, एकावर एक, म्हणून चित्रात दिसत नव्हते. दोन खाटा चिकटवून लावाव्यात तसं झालं होतं. एकीवर कुणी बसलं तर दुसरीला पत्ता नाही. म्हणून त्या सांध्यावर केवढा ताण येतो ते संगणकाने सांगितलंच नाही आणि तिथे सळया निम्म्यासुद्धा पडल्या नव्हत्या. लिफ्टभोवतीची सगळी लादी तडकली असती. वर दहा मजले माणसं.

हे मी पंधरा वेळा पाहिलेल्या चित्रात मला दिसलं नाही. त्यांनी चित्र एकदाही पाहिलं नव्हतं. नुसत्या आकड्यांवरून हा माणूस टेबलाच्या लाकडावर अख्खी इमारत उभी करत होता आणि तिची फट तळहाताला लागत होती.

न जोडलेल्या कडा लाल दाखवायला लावून मी घाईने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "काका, ही बघा, ही लाल रेघ." त्यांनी मान पुढे केली आणि स्क्रीनच्या शेजारी टांगलेल्या कॅलेंडरकडे बघत "हं" म्हणाले.

मला कळायला क्षणभर लागलं.

"कधीपासून काका?"

"वर्ष झालं. मधलं जातं. कडेकडेचं दिसतं अजून."

"मग ती सही?"

"तुझ्या शब्दावर केली."

एवढंच म्हणाले, आवाज न चढवता. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आमच्या मालकांना सगळे पाजी, म्हणजे पंजाबीत थोरले भाऊ, म्हणतात. माणूस दिलदार, पण भडकले की खालच्या मजल्यावरच्या कोचिंग क्लासला ऐकू जातं. त्यांनी सगळं ऐकलं आणि लालेलाल होऊन विचारलं, "ये मॉडल किसने बनाया?"

नोकरी गेली, असंच मी धरून चालले होते.

"चेक मैंने किया है जी," काका म्हणाले. "बिना देखे साइन किया. मुझे एक साल से दिखता नहीं है. ग़लती मेरी."

वर्षभर जपलेली गोष्ट त्यांनी त्या खोलीत सगळ्यांसमोर ठेवून दिली. पाजी खाली बसले. आणि मी? मी गप्प उभी राहिले. लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं तर मी एक शब्द बोलले नाही.

काँक्रीट चार दिवस पुढे गेलं. मी गाठी मारल्या, एका जागी एकच आकडा आला, पंधरा. सांध्यावर सळया वाढवल्या. काका हट्टाने साइटवर आले. माझा हात धरून जाळीवर उतरले, गुडघे टेकले आणि पातळाकडून जाडाकडे जाणारी एकेक सळई बोटांनी चाचपत निघाले. तारेने बांधलेली प्रत्येक गाठ चिमटीत धरून बघत होते. सळया बांधणारे कारागीर हातातलं काम टाकून बघत उभे राहिले. मेची उन्हं, लोखंड हात भाजेल इतकं तापलेलं. टोकाला पोचल्यावर म्हणाले, "एक कम है."

मुकादमाने मोजलं. एक सळई खरंच कमी होती. "कमाल है जी," एवढंच तो म्हणाला, आणि त्याने डोक्यावरचं हेल्मेट काढलं.

महिन्याभरात त्यांनी काम सोडलं. गावी भावाजवळ जायचं ठरलं. चंदीगडच्या स्टेशनावर काकू बॅगा मोजत होत्या. मला रडू आवरेना. कसंबसं म्हटलं, "काका, मी पाजींना खरं सांगणार आहे. पुन्हा गाठ पडेल ना आपली?"

"मारलेली आहे की," ते म्हणाले. "पडायला कशाला हवी?"

दुसऱ्या दिवशी पाजींना सांगितलं. त्यांनी कपाटातून मोहालीचा जुना नकाशा काढून माझ्यापुढे पसरला. काकांची सही चौकटीच्या चांगली दोन बोटं बाहेर होती. "मैंने भी देखा था," पाजी म्हणाले, "पूछा नहीं." मग तो नकाशा त्यांनी स्वतःच घडी करून ठेवला.

आता त्या चौकटीत मी सही करते. राफ्टचं काँक्रीट कधी पडणार ते मी काकांना कळवायचे आणि आदल्या दिवशी कराडहून न चुकता फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही, एकदम, "गाठी मारल्यास का?" मी सगळं पुन्हा तपासून मगच हो म्हणायचे.

गेल्या महिन्यात पंचकुल्याच्या राफ्टच्या आदल्या दिवशी फोन आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मीच लावला. काकूंनी उचलला.

"गेले गं ते. सोमवारी. तुला कळवायचं राहूनच गेलं बघ."

फोन ठेवला. शेजारच्या टेबलावर आमची नवी इंजिनियर बसली होती, पतियाळ्याची, तिचंच मॉडेल. तिने विचारलं, "मॅम, फाइल भेज दूँ? ज़ीरो एरर है."

मी तिच्या टेबलाशी जाऊन बसले. तळहात सपाट ठेवला आणि डोळे मिटले. तसेही ते उघडे ठेवण्यासारखे नव्हते.

"पढ़ो," मी म्हटलं.