अकरा फोनांची पिशवी

गोंदियाजवळच्या फुलचूरच्या ऑफिसात मला पंख्याखालचं टेबल मिळालं, आणि त्याच आठवड्यात कंपनीच्या अकरा फोनांचा कारभार. दोन्हींमुळे मी जरा हवेतच होते.

आमची कंपनी धानाच्या बियाण्याची. अकरा फील्डवाले अर्जुनी मोरगाव तालुक्यात गावोगाव फिरून शेतकऱ्यांचे प्लॉट फोनमध्ये नोंदवायचे. त्या फोनांत लोकांचे सातबारे, आधार कार्डं, सगळं असायचं. म्हणून कंपनीनं नवी व्यवस्था आणली. माझ्या स्क्रीनवर नकाशा, नकाशावर अकरा हिरवे ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्यासमोर दोन बटणं. एकानं फोनला कुलूप लागायचं, दुसऱ्यानं आतलं सगळं पुसलं जायचं. पुसायचं बटण लाल होतं आणि माझा डोळा सारखा तिकडेच जायचा.

कोण कुठल्या गावात आहे, कोण दहा वाजले तरी घरीच लोळतोय, मला बसल्या जागी कळायचं. आईला फोन करून सांगायची, आज एकजण दोन तास तलावाच्या पाळीवर होता. आई म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात डोकवायची हौस तुला पहिल्यापासूनच."

सगळ्यांना बोलावून मी शिकवणीही घेतली. पिन कोणाला सांगायचा नाही, फोन कोणालाही द्यायचा नाही. अकराही जणांनी "हाव मॅडम" म्हटलं. सगळ्यांत जोरात म्हटलं ते मागे बसलेल्या काकांनी. ते आमच्यातले सर्वांत जुने फील्डवाले, आणि शेतकरी त्यांच्याच शब्दावर आमच्याकडे यायचे.

पुढचा सोमवार ऐन फुलोऱ्यातला. धान शेतात आठवडाभर फुलतो. सकाळी फूल उघडतं, दुपारपर्यंत मिटतं. त्या दिवसांतला फोटो असेल तरच त्या शेतकऱ्याचा धान बियाणं म्हणून जादा भावानं घ्यायचा, नाहीतर प्लॉट रद्द, असा नियम. आणि सगळ्यांचे फोटो अजून फोनांतच अडकलेले, कारण त्या गावांत ठिपका दिसण्यापुरतीच रेंज, फोटो जाण्याइतकी नाही.

अकराच्या सुमारास बघते तर अकराही ठिपके अर्जुनीच्या बसस्थानकावर, एकावर एक. मी डोळे चोळले. तेवढ्यात एकेक ठिपका विझत गेला. अकराही नंबर लावून पाहिले, अकराही बंद. चोरी! मला भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला भयंकर आनंद झाला. ज्या दिवसासाठी ते लाल बटण होतं तो दिवस उजाडला होता.

साहेबांच्या केबिनमध्ये मी उडतच शिरले. साहेब मूळचे गोंदियाचे, विचारही हिंदीतच करणारे. "आधार-वाधार सब है उसमें? फिर उडा दो," ते म्हणाले. मी उडवलं. अकरा वेळा स्क्रीननं 'नक्की?' विचारलं आणि अकरा वेळा मी ठोकून 'नक्की' म्हटलं. खाली सूचना आली की फोन चालू होऊन नेट मिळताच आदेश लागू होईल, तो मागे घेता येणार नाही. मी चहा मागवला.

चहा अर्धा झाला असेल, एका फील्डवाल्यानं बायकोच्या फोनवरून ऑफिसला फोन केला.

"मॅडम, दुपारची सुट्टी पाह्यजे होती. तसाबी आज फोन नाही मायाजवळ."

"माहीत आहे. चोरीला गेला ना?"

"चोरीले कायले जाईल? काकानं नेला ना जी, कोहमाऱ्याले."

मग सगळं उलगडलं. दर सोमवारी काका सगळ्यांचे फोन एका कापडी पिशवीत गोळा करायचे, बॅटरी वाचावी म्हणून बंद करायचे आणि बसनं कोहमाऱ्याला जायचे. तिथं हायवेवर रेंज फुल. ढाब्यावर बसून एकेक फोन लावायचा, फोटो कंपनीला पाठवायचे, संध्याकाळी परत. अकरा पिन काकांच्या लक्षात राहत नव्हते म्हणून सगळ्यांनी एकच ठेवला होता.

"अरे, फोन कोणालाही द्यायचा नाही असं सांगितलं होतं ना मी!" मी ओरडले.

"मंग कोनाले देला? काका का परके हायेत?"

आता काका पहिला घोट घेऊन फोन चालू करतील आणि एकेक करून अकरा माणसांचं काम स्वतःच्या हातानं पुसतील. त्यांना कळवायचं कसं? काकांजवळ अकरा फोन होते आणि अकराही बंद; स्वतःचा वेगळा त्यांनी कधी घेतलाच नव्हता. कोहमाऱ्याच्या एका ढाब्याचा नंबर मिळाला. पिशवीवाले काका आलेत का, विचारलं. "मॅडम, यहाँ सब थैलीवाले ही आते हैं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी लॅपटॉप पाठीला लावून स्कूटी काढली. गोरेगाव कधी मागे पडलं कळलं नाही. हेल्मेटमध्ये मी मोठमोठ्यानं विनवत होते, काका, अजून एक चहा घ्या, काका, भजी मागवा, काका, जरा डुलकी काढा! शेजारून चाललेल्या ट्रकवाल्यानं मला वाट करून दिली. पोरगी कामातून गेली असं वाटलं असणार त्याला.

चौथ्या ढाब्यावर काका सापडले. बाजेवर दहा फोन ओळीनं मांडलेले आणि अकरावा हातात.

"काका, हात लावू नका!" मी इतक्या जोरात ओरडले की अख्ख्या ढाब्यानं ताटावरून हात उचलले.

हातातला फोन चालू झाला होता. स्क्रीन विचारत होती, भाषा निवडा.

"मॅडम, हा त नवाच होऊन गेला," काका घाबरून म्हणाले. "माया हातून बिघडलं काय?"

तो त्यांचाच होता. रेंज नीट आहे का ते बघायला काका नेहमी आपलाच फोन आधी लावायचे, दुसऱ्याचं काम बिघडू नये म्हणून.

"तुम्ही नाही काका. मी पुसला."

"काऊन?"

"चोरी झाली वाटलं."

"कोनं केली?"

मी पिशवीकडे बोट केलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं, आणि त्यांचं हसू फुटलं. "म्हंजे मी! आता बाप्पा, मी चोर!" बाजेशेजारी उभं राहून त्यांनी ते ढाबाभर जाहीर केलं. लोक हसले, मीही पोट धरून हसले, आणि हसता हसता रडायला लागले, कारण काकांच्या चौदा प्लॉटांचे फोटो गेले होते.

बाकीचे दहा फोन वाचले. सिमकार्डं काढली की नेट नाही, नेट नाही की आदेश नाही. वायर लावून सगळे फोटो लॅपटॉपवर घेतले.

पुढच्या दोन सकाळी काका माझ्या स्कूटीमागे बसून होते. फुलं मिटायच्या आत चौदा बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, गाठायची होती. मी दोनदा धुऱ्याच्या अरुंद बांधावरून चिखलात पडले, तिसऱ्यांदा काकांना घेऊन पडले. प्रत्येक शेतावर काका ओरडायचे, "चोर आला गा!" आणि मी धावत फोटो काढायची. इतकी मजा मला कधी आली नव्हती. तेरा प्लॉट मिळाले.

चौदावा प्रतापगडाच्या पायथ्याशी, एका एकट्या राहणाऱ्या बाईचा. तिचा वाण लवकरचा. फुलोरा सरून लोंबी झुकायला लागली होती.

"फोटू काढला होता ना तुमी? मी उभी होती बाजूले," ती काकांना म्हणाली.

"माया हातून पान्यात पडला फोन," काका म्हणाले.

"नाही मावशी, खोटं आहे ते," मी म्हणाले. "मी पुसला. मला वाटलं काकांनी फोन चोरले."

तिनं काकांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "याले चोर म्हनता? याच्यावर त मायं कुत्रंबी भुकत नाही." आम्ही तिघंही हसलो. मग तिनं विचारलं, "म्हंजे माया धान आता बियान्याचा नाही?"

"नाही."

"बियान्यासाठी एकेक भेसळीचं झाड उपटलं मी." ती बांधीकडे बघत राहिली. "मंग खायचाच म्हना."

साहेबांकडे मी तिच्यासाठी तीनदा भांडले. नियम तो नियम. चौथ्यांदा त्यांनी मान वर केली नाही.

दिवाळीनंतर काकांनी माझ्या टेबलावर पायलीभर तांदूळ आणून ठेवला. "तिनं देला," म्हणाले. "अन् सांगतलं का मॅडमले म्हना, हा पुसता येत नाही. खाऊनच सरवा लागते."

काका हसत होते, मीही हसले. घरी जाऊन तो शिजवला. भात छान मोकळा झाला होता, आणि पहिला घास काही केल्या गिळवेना.