जागेश्वरभाऊंचा उजवा हात

आमच्या क्लबाच्या हिरवळीवर कोणी चप्पल घालून पाय ठेवला की सेक्रेटरी वामनराव खवळून उठत. त्या हिरवळीवर दिवसभर राबायचा हक्क एकाच माणसाला होता, आमचे माळी जागेश्वरभाऊ धकाते यांना. राहायला टिमकीत, घराणं विणकरांचं. हातमागावर पोट भरेना म्हणून सदुसष्ट साली त्यांनी क्लबात नोकरी धरली. मी तिथे टायपिस्ट म्हणून लागले ती चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, प्रतापनगरातून सायकलने येत असे. ऑफिसात मला सगळे इंदुताई म्हणत. माझी नोकरी हंगामी होती आणि डिसेंबरात कायम करायचं की नारळ द्यायचा हे वामनरावांच्या हातात होतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचीच सबब मी मनाला देत आले आहे.

जागेश्वरभाऊ भित्रे होते. म्हणजे किती? सायकलवर असताना मागून ट्रकचा आवाज आला तर उतरून, सायकल भिंतीला टेकवून उभे राहत. विजेचं बटण दाबण्याआधी पायात चप्पल आहे ना ते बघत. मला थट्टेची फार खोड.

"जागेश्वरभाऊ, तुम्ही बोहल्यावर तरी कसे उभे राहिलात हो?"

"भेत भेतच राह्यलो, ताई," ते अगदी खरं सांगितल्यासारखं सांगत.

फक्त मागावर बसले की त्यांची भीती पळून जात असे. घरच्या पुढच्या खोलीत माग अजून उभा होता. बायको अनुसयाबाई त्यावर पातळं विणत आणि हे क्लबात यायच्या आधी तासभर मदतीला बसत. ताण्यातला उभा धागा तुटला की यांचा उजवा हात सरसर आत जाई, अंगठा आणि तर्जनी मिळून गाठ मारत आणि मग यांच्या लक्षात येई की धागा तुटला होता. वडिलांनी लहानपणी चापट्या मारून शिकवलेलं, आधी हात, मग डोळा. टिमकीत त्यांच्याइतकी बारीक गाठ मारणारं कोणी उरलं नव्हतं म्हणतात. दोन वर्षांनी क्लबातून निवृत्त झाले की पुन्हा मागावर बसायचं, हा त्यांचा बेत होता. दिवसातून एकदा तरी तो बोलून दाखवत.

त्या वर्षापर्यंत गवत कापायला हाताने ढकलायचं जुनं यंत्र होतं. एकजण दोरीने पुढून ओढायचा, एकजण मागून रेटायचा. दोरी ओढणारा काम सोडून गेला आणि वामनरावांच्या मनात इंजिनवालं यंत्र आलं. जुलैत एका व्यापाऱ्याने दोन यंत्रं दाखवायला आणली.

"चालवणार तू, तर पसंत बी तूच कर," वामनराव जागेश्वरभाऊंना म्हणाले. वामनरावांची लोकशाही अशीच होती. निर्णय दुसऱ्याने करायचा आणि चुकला तर खापरही त्याच्याच डोक्यावर.

पहिल्या यंत्राला पुढे पात्यांचं नळकांडं होतं. सगळी पाती उघडी, उन्हात चमचमणारी. व्यापाऱ्याने इंजिन चालू केलं तसे जागेश्वरभाऊ चार पावलं मागे सरकले. दुसरं यंत्र चपटं, लाल झाकणाचं. पातं झाकणाखाली, दिसायचंच नाही. पुढची दोन चाकं चहूकडे वळणारी, त्यामुळे यंत्र जागच्या जागी गर्रकन फिरायचं. व्यापाऱ्याने ते एका बोटाने फिरवून दाखवलं, गुलाबाच्या वाफ्याला वळसा घातला आणि एक पाकळीही पडली नाही.

"हे पाहिजे," जागेश्वरभाऊ लगेच म्हणाले.

"काहून गा? हेच काहून?"

"याचं पातं दिसत नाई, साहेब. दिसलं त मले भेव वाटते."

सगळे हसले. मीही हसले.

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तिका आली होती. वामनरावांनी ती माझ्यापुढे टाकली. "इंदुताई, याले मराठीत वाचून सांगा. शब्द न् शब्द." शनिवारचा दिवस, एक वाजायला आलेला, माझा डबा समोर. जागेश्वरभाऊ खुर्ची असून जमिनीवर बसले आणि मी पानावर बोट फिरवत वाचायला लागले. तेल कसं घालायचं, दोरी कशी ओढायची, चाकं कशी पुसायची. मग सूचनांचं एक पान आलं, बारीक अक्षरातलं. असलं सगळं छापायचं म्हणून छापतात असं मनाशी म्हणत मी ते पान उलटलं आणि डबा उघडला.

पहिले चार दिवस त्यांनी यंत्र चालवलं ते चुलीतलं लाकूड धरावं तसं, हात लांब करून, मान मागे घेऊन. यंत्र सरळ जाईना. त्या वळत्या चाकांना जरा जोर जास्त झाला की ते गर्रकन फिरून त्यांच्याच पायाकडे तोंड करी आणि हे "माय वं!" म्हणून उडी मारत. जांभळीच्या बुंध्याला त्यांनी दोनदा धडक दिली. पण पाचव्या दिवशी पट्टे सरळ येऊ लागले आणि सहाव्या दिवशी त्यांनी गुलाबाला वळसा घातला. मला वाटलं, जमलं बुवा.

त्याच दिवशी दुपारी ते ऑफिसात आले. हातात बोरूएवढी काडी, टोकाला स्वच्छ कापलेली. वामनराव माझ्या टेबलाशीच उभे होते.

"ताई, इंजन बंद केलं, आवाज थांबला, अन् मंग मी हे काडी आत घातली. हे पहा." त्यांनी काडीचं कापलेलं टोक माझ्यापुढे धरलं. "बंद झाल्यावर बी आत फिरून राह्यलं ते. ओल्या गवताचा गोळा गवत बाहेर पडाच्या तोंडात अटकते न, तवा माह्या हात जाते. मी जाऊ देत नाई, तो आपूनच जाते. आज अर्ध्यावर थांबवला. पुस्तकात असं काई लिवलं हाय का?"

"इंदुताईंनी शब्द न् शब्द वाचलं ना?" वामनराव माझ्याकडे बघत म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

"मंग पहा एकदा."

मी पुस्तिका काढली. ते न वाचलेलं पान उघडलं. बोट खाली नेत गेले आणि पाचव्या ओळीवर ते सापडलं. इंजिन बंद केल्यावरही पातं काही वेळ फिरत राहतं, ते पूर्ण थांबल्याशिवाय हात घालू नये. काळ्या जाड अक्षरात छापलेलं. वामनरावांची सावली पानावर होती, पण चष्म्याशिवाय त्यांना अक्षर लागत नसे. मला डिसेंबर दिसला.

"नाही," मी म्हणाले. "असं काही नाही."

"पाह्यलं? बंद म्हंजे बंद! काडी चालू असताना घातली असशीन, भैताड," वामनराव म्हणाले.

जागेश्वरभाऊ काडी खिशात ठेवून गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नवीनच तऱ्हा काढली. जुन्या पातळाची किनार फाडून तिची हातभर पट्टी केली आणि तिने आपलं उजवं मनगट यंत्राच्या दांड्याला बांधलं. गवत अडकलं की डाव्या हाताने इंजिन बंद करायचं, डाव्याच हाताने गाठ सोडायची. गाठ अशी की सुटायला दहा आकडे मोजेपर्यंत वेळ लागे. तेवढ्यात पातं थांबत असे, हे त्यांनी काड्या घालून घालून ताडून पाहिलं होतं.

"यापेक्षा बांबूची काठी वापरा ना," मी म्हटलं.

"काठी हाय न, ताई. पन काठी आठवाच्या आधी हात जाते."

क्लबातले लोक व्हरांड्यात बसून हसत. बैल बांधला म्हणत. मी खिडकीतून बघत असे आणि दर वेळी इंजिन थांबलं की माझी बोटं टाइपरायटरवर थांबत. एक, दोन, तीन. दहापर्यंत मोजल्याशिवाय मला पुढचं अक्षर मारवत नसे. खरं सांगून टाकावं असं रोज सकाळी ठरवत होते आणि रोज संध्याकाळी सायकल काढून घरी जात होते. तोंडात काय मूग भरले होते कोण जाणे. सांगितलं तर नोकरी गेली, नाही सांगितलं तर पट्टी आहेच की, अशी मी माझी समजूत काढत होते.

सप्टेंबरात क्लबाचा वर्धापनदिन आला. चार वाजता पाहुणे यायचे होते, सकाळपासून सरी पडून गवत ओलं झालेलं, आणि वामनराव नवीन कोट घालून व्हरांड्यात येरझारा घालत होते. पट्टी पाहून ते पायऱ्या उतरले.

"सोड ते. पाहुन्यांसमोर हे ध्यान नको."

"साहेब, मले भेव लागते."

"सोड म्हनतो न!"

जागेश्वरभाऊंनी पट्टी सोडून खिशात घातली. दोन पट्टे झाले. तिसऱ्याला गवताचा ओला गोळा यंत्राच्या तोंडात अडकला. त्यांनी इंजिन बंद केलं आणि झटकन मागे सरून दोन्ही हात काखेत दाबून धरले. ओठ हलत होते, आकडे मोजत होते. खिडकीत मीही मोजत होते. एक.

"आता काय मुहूर्त पाह्यतं? बंद झालं न? पुस्तकात काई नाई, इंदुताईनं पाह्यलं!" असं म्हणत वामनराव वाकले आणि कोटाची बाही सारून त्यांनी हात पुढे केला.

मी तोंड उघडलं. लिहिलंय, थांबा, लिहिलंय असं ओरडायचं होतं. घशातून आवाजच फुटला नाही. देवाशप्पथ सांगते, फुटला नाही.

जागेश्वरभाऊंचा उजवा हात काखेतून सुटला. तो कधी सुटला हे त्यांनाही कळलं नसावं. वामनरावांचं मनगट त्याने बाहेर हिसडलं, वामनराव नवीन कोटासकट चिखलात पडले, आणि खट्ट असा एक बारीक आवाज आला. मी धावत बाहेर गेले तेव्हा जागेश्वरभाऊ गवतात बसले होते. डाव्या मुठीत उजवा हात गच्च धरलेला, बोटांमधून रक्त गळत होतं.

"थांबलं का?" ते मला विचारत होते. "ताई, थांबलं का ते?"

तर्जनीचं वरचं पेर गेलं होतं.

वामनरावांना नावं ठेवायला मला आवडतं, पण त्या दिवशी तेच जागेश्वरभाऊंना आपल्या गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले, आणि पुढे जो भेटेल त्याला सांगत, त्यानं माह्या हात वाचवला. चूक कोणाची हे त्यांनी विचारलं नाही. ती पुस्तिका कोणी पुन्हा मागितली नाही. डिसेंबरात मी कायम झाले. पत्र मीच टाइप केलं.

ते पत्र पर्समध्ये आणि पुस्तिका पिशवीत घेऊन मी टिमकीत गेले. दोनदा गल्लीच्या तोंडातून परत फिरले. घरात अनुसयाबाई मागावर होत्या आणि जागेश्वरभाऊ शेजारी पाटावर. मला पाहून ते उठायला लागले तेवढ्यात धागा तुटला. त्यांचा हात आत गेला, नेहमीसारखाच, आधी. अंगठा वळला आणि समोर तर्जनी मिळाली नाही. धागा निसटला. त्यांनी मधलं बोट लावून पाहिलं. पुन्हा निसटला. तिसऱ्यांदाही निसटला. अनुसयाबाई मागाखालच्या पावडीवरचा पाय उचलून दाराकडे बघत बसल्या होत्या. मग त्यांनी हात घातला आणि गाठ मारली.

"जागेश्वरभाऊ," मी म्हणाले, "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या पुस्तकात—"

"मालूम हाय मले."

"काय माहीत आहे?"

"त्या दिवशी तुमचं बोट खाली चाललं होतं पानावर. एका ओळीवर थांबलं. अन् मंग तुमी नाई म्हनलं." त्यांचा आवाज अगदी साधा होता. "मले अक्षर नाई वाचता येत, ताई. पन बोटं मी लहानपनापासून पाहून राह्यलो."

मी खाली बसले. "मग तेव्हाच का नाही बोललात? साहेबांसमोर?"

"तुमी भेल्या होत्या. भेलेलं मानूस मी लगेच ओळखतो. म्हनून त मी पट्टी बांधली. मले वाटलं, माह्यं मी पाहून घेतो. पन साहेबाले तरी तुमी सांगाले पाह्यजे होतं, ताई."

अनुसयाबाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यासमोर ठेवला. मी तो उचलू शकले नाही. मी रडत होते आणि मला रडायचा काय अधिकार होता हेही मला समजत होतं.

"आनलं का ते पुस्तक?" त्यांनी विचारलं.

मी पिशवीतून काढलं.

"वाचा मंग. ते पान वाचा."

मी पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले. जागेश्वरभाऊ पुस्तकाकडे बघत नव्हते, माझ्या बोटाकडे बघत होते. पाचव्या ओळीवर माझं बोट थांबलं.

"हं," ते म्हणाले. "वाचा."