पोटावरचे हात

मी आयुष्यभर थर्मामीटर, नाडी आणि केसपेपर यांवर विश्वास ठेवलेली बाई. नर्सिंग शिकताना वॉर्डात एकटीनं मृतदेह आवरलेत, कधी अंगावर काटा आला नाही. अंगात येणं, करणी, बाहेरचं काही... असं कुणी बोललं की मी सरळ उठून जायचे. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण घडलं ते असं घडलं.

आणीबाणी उठल्यानंतरचे दिवस. गारगोटीच्या पुढे दहा-बारा मैलांवर एक नवं कॉलेज निघालं होतं. गावाचं नाव सांगत नाही, अजून तिथली माणसं आहेत. कौलारू तीन इमारती, लाल मातीचं मैदान, आणि मागच्या बाजूला मुलींचं होस्टेल. वाड्या-वस्त्यांवरच्या, धनगरवाड्यांवरच्या मुली तिथं राहून शिकायच्या. बहुतेकींच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली ती पहिलीच.

मी कोल्हापुरातली, चोवीस वर्षांची, नवीन नर्स. मला खेळाच्या सामानाची अर्धी खोली देऊन तिथं विद्यार्थी आरोग्य केंद्र सुरू केलं होतं. एक खाट, एक कपाट, एक टेबल. पांढरा पडदा मी स्वतः शिवला होता. डॉक्टर आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी एस्टीनं यायचे. बाकी दिवस मीच.

आणि माझ्याकडे कुणी येत नव्हतं!

म्हणजे खरचटलं, मुरगळलं तर यायच्या. पण पोटात दुखतंय, चक्कर येतेय, पाळी चुकलीय, झोप लागत नाही, घरची आठवण येऊन रडू येतंय... हे सगळं घेऊन मुली जायच्या होस्टेलच्या स्वयंपाकघरात. जैनबचाचीकडे.

चाची पन्नाशीची, दणकट बाई. होस्टेलचा सगळा स्वयंपाक तीच बघायची. नवरा वारलेला, एकुलती एक लेक पार कोल्हापूरच्या पलीकडे पेठ वडगावला दिलेली. माझ्या खिडकीतून स्वयंपाकघराची मागची पायरी दिसायची. दुपारी काम उरकलं की चाची तिथं बसायची आणि एकेक मुलगी येऊन तिच्याशेजारी टेकायची. चाची पिठाचे हात पदराला पुसून तिच्या पोटावर ठेवायची, कपाळावर ठेवायची, काहीतरी खडसावून बोलायची. मुलगी हसत उठून जायची.

मी खिडकीत उभी राहून हे बघायचे. रोज. कोण आली, किती वेळ बसली, उठताना चेहरा कसा होता, सगळं माझ्या लक्षात असायचं. मुलींनी यावं म्हणून मी पदरचे पैसे घालून सिनेमाची मासिकं आणून टेबलावर ठेवली. मुली आल्या, मासिकं चाळली, आणि वाचून झाल्यावर चाचीकडे गेल्या.

एकदा एका मुलीला अडवून मी विचारलंच, "पोट दुखत होतं तर मला का नाही सांगितलंस?"

ती खाली बघत म्हणाली, "तुमी लिवून घेता की, बाई."

"मग? लिहायला नको?"

"चाची लिवून घेत न्हाय."

तिचं म्हणणं आज मला कळतं. रजिस्टरात नाव चढलं की ते ऑफिसात जाणार, ऑफिसातून बापाच्या कानावर, आणि बाप म्हणणार, चल घरी, बास झालं शिक्षण. पण त्या दिवशी मला एवढंच ऐकू आलं की मी नको, ती हवी.

मी प्राचार्यांकडे लेखी तक्रार केली. अप्रशिक्षित व्यक्तीनं मुलींना तपासणं धोक्याचं आहे, स्वयंपाकाचे हात आहेत, स्वच्छतेचा प्रश्न आहे वगैरे. एकही वाक्य खोटं नव्हतं. पण कागदावर होतं ते कारण नव्हतं, हे मला लिहिताना ठाऊक होतं.

मुलींनी दुखणं घेऊन स्वयंपाकघरात जायचं नाही, अशी नोटीस लागली. दुसऱ्या दिवशी चाची माझ्या दारात.

"बाई, मी काय औषिद देत न्हाय की. पोरी येत्यात, बसत्यात. हात लावला की त्यास्नी बरं वाटतंय, एवढंच हाय."

"मग हात लावू नका," मी म्हणाले.

तिनं आपल्या हातांकडे बघितलं. "बरं," म्हणाली आणि गेली.

तिनं शब्द पाळला. पायरीवर बसणंच सोडलं. मुली तरीही माझ्याकडे आल्या नाहीत. आठ-दहा दिवसांनी चाची लेकीच्या बाळंतपणासाठी रजा टाकून वडगावला गेली.

त्यानंतरचा सोमवार. दुपारचे सव्वाबारा-साडेबारा झाले असतील. दोन मुली पार्वतीला धरून घेऊन आल्या. पार्वती धनगरवाड्यावरची, पहिल्या वर्षाची, काटक पोरगी. पोटात दुखत होतं. खोटं कशाला सांगू... ती कण्हत खाटेवर आडवी होत होती आणि मला आनंद झाला होता. आली एकदाची!

ताप बघितला, किंचित होता. पाळीची तारीख विचारली, तर दोन दिवसांवर. झालं. मी मनाशी ठरवूनच टाकलं. बरोबरच्या मुलींना म्हटलं, "काही नाही, नेहमीचंच आहे. जा तुम्ही, तास चुकवू नका." स्टोव्हवर पाणी ठेवलं. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचं, एक गोळी द्यायची, संध्याकाळपर्यंत ठीक. शिकवलेलं असतं म्हणून दोन्ही हातांनी पोट दाबून बघितलं. पण खरं म्हणजे उरकत होते.

हात उचलायला गेले, तर उचलेनात.

माझ्या दोन्ही पंज्यांवर कुणीतरी आपले पंजे ठेवले होते. गरम, जड, खरखरीत. मी खाली बघितलं. दिसत होते ते माझेच हात, माझं घड्याळ, माझ्या बांगड्या. दुसरं काही नाही. दार उघडं, बाहेर लख्ख ऊन, मैदानावर मुलं ओरडत होती. आणि माझ्या हातांवर वजन होतं. ज्वारीच्या पिठाचा आणि चुलीच्या धुराचा वास येत होता, इतका जवळून की जणू कुणी माझ्या पाठीला टेकून उभं आहे.

त्या हातांनी माझे हात सरकवले. बेंबीवरून खाली, उजवीकडे. तिथं हळूहळू खोल दाबले... आणि एकदम सोडून दिले.

पार्वती किंचाळली. डोळे घट्ट मिटलेले. म्हणाली, "चाची... तितंच... तितंच हाय."

लोक विचारतील, घाबरलात का? नाही. माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी — इथंही हीच! माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर, माझ्या हातांतसुद्धा हीच बाई! मी रागानं इतकी पेटले की भीतीला जागाच उरली नाही.

वजन गेलं. पण माझ्या बोटांना कळायचं ते कळलं होतं. दाबून सोडल्यावर तिथं कळ उठते ती कशाची, हे पहिल्या वर्षाची नर्सही सांगेल. अपेंडिक्स. आणि अशा पोटाला शेक द्यायचा नसतो. मी स्टोव्ह बंद केला. पंज्यांवर पीठबीठ लागलंय का, तेही निरखून बघितलं. काही लागलेलं नव्हतं.

पुढचं सगळं धावपळीत झालं. दुधाची गाडी थांबवली, पार्वतीला आत निजवलं, मी तिच्या उशाशी बसले. दिवस मावळायच्या आत आम्ही कोल्हापूरच्या दवाखान्यात होतो. लगेच ऑपरेशन झालं. बाहेर आल्यावर सर्जन मला म्हणाले, "वेळेत ओळखलंत, सिस्टर. फुटण्याच्या बेतात होतं." मी मान डोलावली. ते श्रेय मी घेतलं.

कुणालाही काही सांगितलं नाही. ना प्राचार्यांना, ना घरी.

पुढच्या सोमवारी चाची परतली. एस्टीतून उतरली ती हातातल्या पिशवीसकट थेट माझ्या खोलीत. स्वयंपाकघरातही गेली नव्हती.

"बाई, गेल्या सोमवारी भाकरी थापत हुतो. दुपारचं. तर हात उचलनात. कोपरापासनं खाली गार, मेल्यावानी. भाकरी परातीत तशीच ऱ्हायली. लेक भिऊन रडाय लागली. घटकाभरानं आलं आपसूक." मग तिनं आवाज उतरवून विचारलं, "पोरगी कोण हुती?"

कुणी मुलगी आजारी पडल्याचं तिला एस्टीत कळलं असेल, असं आज म्हणता येईल. पण हातांचं कोण सांगणार? ते मी बोललेच नव्हते, आणि पार्वती अजून दवाखान्यात होती.

मी म्हणाले, "कोण पोरगी? मला काही माहीत नाही."

"बरं. नसंल," चाची म्हणाली आणि पिशवी उचलून गेली.

पंधरा दिवसांनी पार्वती आईबरोबर आली. आईनं गाडगंभर लोणी आणलं होतं. माझ्या दारावरून दोघी सरळ स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. आई चाचीच्या पाया पडत होती.

"अगं, चाची तर वडगावला होती तेव्हा!" मी पार्वतीला म्हणाले. आवाज चढलाच माझा.

"व्हय की," पार्वती शांतपणे म्हणाली. "पर हात तिचाच हुता, बाई."

चाचीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. लोण्याचं गाडगं फळीवर ठेवलं, इतकंच.

त्या आठवड्यात मी प्राचार्यांना सांगून ती नोटीस उतरवायला लावली. चाची पुन्हा पायरीवर बसू लागली. जिचं दुखणं तिला साधं वाटत नसे, तिला ती हाताला धरून माझ्याकडे आणायची. मी नावाऐवजी नुसता आकडा लिहायला लागले. मग मुली माझ्याकडेही येऊ लागल्या. पण त्या खाटेवर पडल्या की त्यांचे डोळे दाराकडे असायचे, चाची गेली तर नाही ना, हे बघत.

पाच वर्षं तिथं काढली. शेकडो पोटं तपासली. ते वजन हातांवर पुन्हा कधी आलं नाही. मी वाट बघायचे, हेही कबूल करते.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी मुद्दाम वडगावला गेले. चाची लेकीकडे अंथरुणाला खिळून होती. मी तिचा हात हातात घेतला. सांगून टाकलं, "चाची, पार्वती होती ती. मी खोटं बोलले होते."

"ठावं हाय."

"मग तेव्हा काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमच्या तोंडावर दिसत हुतं की, बाई. आदीच जळत हुता तुमी. त्यात आनि कुठं तेल वतायचं?" आणि खोकला येईपर्यंत हसली.

ते कसं झालं, हे मी तिला विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिला सांगता आलं असतं असं वाटत नाही. माझा डॉक्टर भाचा म्हणतो, तुझं शिक्षणच तुझ्या हातांत जागं झालं, मावशी, बाकी मनाचे खेळ. असेलही. मग पार्वतीनं डोळे मिटून चाचीचं नाव का घेतलं, आणि वडगावात भाकरी परातीत का राहिली?

चाची जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. पार्वती शिक्षिका झाली, मध्यंतरी एका लग्नात भेटली. जवळ बसून तासभर बोलली. सगळं चाचीबद्दल.