जुनी गाडी, नवा एसी आणि आम्ही दोघे

गोव्यात तुयेच्या इंडस्ट्रियल इस्टेटीबाहेर मी आणि दत्ताराम जुन्या गाड्यांना नवे एसी बसवतो. नटबोल्टांचं काम, त्यात कसले आलेत किस्से, असं लोकांना वाटतं. अरे बाबांनो, आमच्या गॅरेजात भंगारापेक्षा किस्सेच जास्त साठलेत. मी भुतंखेतं मानत नाही. दत्ताराम मानतो, पण तो फारसं तोंड उघडत नाही, म्हणून मला बोलावं लागतं.

*

मोरजीच्या बाबलची भाड्याची व्हॅन. मोठा कंडेन्सर टाकला, गारवा एक नंबर. पण मागच्या सीटवर कोणी नसताना तिथल्या काचेला आतून वाफ धरायची. तोंड लावून श्वास सोडल्यासारखी, नेमकी तेवढीच.

मी म्हटलं, काच बदलू.

"असू दे रे," बाबल म्हणाला. "भाडं देत नाही, पण कटकटही करत नाही."

*

पेडण्याच्या एका सरांचा नवाकोरा एसी गावच्या राखणदार देवाच्या घुमटीपाशी रोज बंद पडायचा. रिले बदलला, वायरिंग बदललं, माझं डोकं फिरलं. दत्ताराम हळूच म्हणाला, "सर, तिथं एक विडी ठेवा."

सर विज्ञानाचे. आठवडाभर ऐकेनात. आता डॅशबोर्डात विड्यांचं बंडल असतं आणि बायको समजते, हे चोरून ओढतात.

*

एकदा एका गाडीचा सगळा गॅस काढला, व्हॅक्यूम लावला आणि चहाला गेलो. परत येतो तर एसीच्या जाळीतून थंडगार वारा. इंजिन बंद, चावी माझ्या खिशात.

दत्तारामाने जाळीपुढे हात धरला आणि म्हणाला, "चल, आणखी एक चहा घेऊ."

गेलो. काय करणार!

*

नार्व्याची सुषमा आईला घेऊन आली. म्हातारीची छाती पार गेलेली. धूळ नाकात गेली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. दवाखान्याचा रस्ता उकरलेला आणि म्हातारी नवऱ्याच्या जुन्या गाडीशिवाय कशात बसायला तयार नाही. नवरा खाणीवर होता. तो गेला, खाणही कधीच बंद पडली.

"मेस्त्री, काचा बंद ठेवून नेता आलं पाहिजे. नाहीतर आई जायची माझी," सुषमा म्हणाली.

कूलिंग कॉईल, ब्लोअर, पाइप, सगळं नवं घातलं. चालू करून जाळीवर ओलं पांढरं फडकं धरलं. लालभडक! खाणीची माती. पुन्हा उघडलं, पुसलं, जोडलं. पुन्हा लाल. सुषमा रडायलाच लागली. मलाही घाम फुटला, खोटं कशाला सांगू.

म्हातारी खुर्चीतून उठली. फडक्यावर बोट फिरवलं, पाहिलं. आम्ही अडवेपर्यंत तोंडाला पदर लावून पुढच्या सीटवर जाऊन बसली आणि ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघून नवरा असताना रोज करवादायची तशी करवादली, "कितीदा सांगू तुमका? पाय धुवन भितर येवा."

गाडीखाली एसीच्या पाण्याची नळी गळू लागली. पाणी आधी लाल, मग फिकट, मग स्वच्छ.

म्हातारीने काच वर केली आणि तोंडावरचा पदर काढला.